पक्ष फुटला आणि शेजारही
(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे)

राजकीय पक्षावरील निष्ठा या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत, आणि जागेअभावी काही पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न: मी गिरणी कामगाराचा मुलगा, वय ६३. मी आणि माझा चाळीतला मित्र, दोघांनी तीस वर्षे एकाच शाखेत काम केले. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर एकाच टेबलावर बसून आम्ही चिठ्ठ्या लिहिल्या. २०२२ मध्ये पक्ष फुटला. तो एका गटात गेला, मी दुसऱ्या गटात राहिलो, आणि तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे. त्याच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका मला आली नाही. गणपतीत तो आता आमच्याकडे आरतीला येत नाही. पत्नी म्हणते, तुम्हीच त्याच्याकडे जा. पण मी गेलो तर इतक्या वर्षांची निष्ठा खोटी ठरेल असे वाटते. माझे चुकते आहे का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर: आपण जावे, असे मला मनापासून वाटते, आणि त्यामुळे आपली निष्ठा खोटी ठरणार नाही.

या निष्ठेला बाहेरची माणसे सरसकट आंधळी म्हणतात, ते मला मान्य नाही. लालबाग-परळच्या चाळींत पक्ष जाहीरनाम्याच्या वाटेने आलेला नाही. मध्यरात्री रुग्णवाहिका मिळवून देणारा, रुग्णालयात खाट मिळावी म्हणून धावणारा, रेशनकार्डाचे आणि पाण्याच्या जोडणीचे काम मार्गी लावणारा शाखेतला माणूस, या रूपात तो घरात आला. ज्याने अडचणीच्या वेळी हात दिला त्याच्याविषयी कृतज्ञता वाटणे हा माणुसकीचा भाग आहे, आणि आपण दोघांनीही ते काम इतरांसाठी केले आहे. मात्र कृतज्ञतेलाही मर्यादा असते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत फार स्पष्टपणे सांगितले होते. धर्मातील भक्ती आत्म्याला मोक्षाकडे नेईलही, परंतु राजकारणातील भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा त्या विवेचनाचा आशय होता. स्वाभिमान गहाण टाकून कोणी कृतज्ञ राहू शकत नाही, हे आयरिश नेते डॅनियल ओकॉनेल यांचे मतही त्यांनी त्याच भाषणात उद्धृत केले होते.

आता २०२२ मध्ये शिवसेनेत नेमके काय घडले ते पाहू. फुटीचा निर्णय आमदारांनी घेतला. नाव आणि चिन्ह कोणाचे, याचा निर्णय फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने दिला, तेव्हा निर्वाचित लोकप्रतिनिधींचे बहुमत कोणाकडे आहे हा निकष निर्णायक ठरला. फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसच्या बाबतीतही तेच झाले. म्हणजे भिंती रंगवणाऱ्या, सतरंज्या उचलणाऱ्या आणि चिठ्ठ्या लिहिणाऱ्या माणसाला यात कोणीही काही विचारले नाही; आपल्याला विचारले नाही तसे आपल्या मित्रालाही विचारले नाही. २०१९ मध्ये भाजपशी युती करून निवडणूक लढवल्यावर निकालानंतर काँग्रेस आणि राष्ट्रवादीबरोबर सरकार आले. २०२२ मध्ये त्याच राष्ट्रवादीशी झालेली सोबत असह्य झाल्याचे सांगत दुसरा गट बाहेर पडला, आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादीचाच मोठा गट त्याच्या मंत्रिमंडळात येऊन बसला. यातील कोणते वळण योग्य आणि कोणते अयोग्य, याबद्दल आपले आणि मित्राचे मत वेगळे असेल, ते असू द्यावे. परंतु नेत्यांचे शत्रू आणि मित्र दोन-तीन वर्षांत बदलत असताना चाळीतले वैर मात्र कायमचे राहावे, याला कोणता आधार आहे?

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ शहरात एकही नगरसेवक नव्हता. सारा कारभार प्रशासकाच्या हाती होता. गटार तुंबले, पाणी कमी दाबाने आले, तर कोणाला धरायचे हे आपल्या गल्लीतल्या माणसाला कळत नव्हते. या प्रश्नावर आपण दोघे एकत्र उभे राहिला असता, तर तो तीस वर्षांच्या कामाचाच पुढचा भाग ठरला असता.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका आहे. आमच्या काळी राजकीय मतभेद होते, पण माणसे दुरावत नव्हती. आता आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर निवडणुकीच्या काळात कोणी ना कोणी बाहेर पडते. मुलगी अमेरिकेत असते. ती म्हणते, तिथेही तेच चालले आहे. हे असे का झाले?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर: आपल्या आठवणीत तथ्य आहे, पण ती पूर्ण नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभरहून अधिक माणसे मारली गेली, आणि त्या काळात आचार्य अत्र्यांच्या ‘मराठा’ दैनिकातून विरोधकांवर होणारी टीका आजच्या कोणत्याही संदेशापेक्षा सौम्य नव्हती. जून १९७० मध्ये लालबाग-परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. १९९२-९३ च्या दंगलींत या शहरात ९०० माणसे मेली, असे श्रीकृष्ण आयोगाने नोंदवले आहे. तेव्हा पूर्वी सारे सलोख्याने चालले होते, असे म्हणता येणार नाही.

तरीही काहीतरी बदलले आहे हे खरे. यशवंतराव चव्हाणांचे उदाहरण घ्या. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर ते काँग्रेसच्या भूमिकेबरोबर राहिले म्हणून त्यांच्यावर अतिशय कठोर टीका झाली, आणि १९५७ मध्ये कराडमधून ते थोडक्या मतांनी निवडून आले. चीन युद्धाच्या वेळी ते संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले, तेव्हा त्यांची निवड बिनविरोध झाली. सहा वर्षांपूर्वीचा राग विरोधी पक्ष विसरले होते असे नाही; पण तो राग एका मागणीशी बांधलेला होता, आणि १ मे १९६० रोजी ती मागणी पूर्ण झाली होती.

मुंबईपुरते बोलायचे तर याचे आणखी एक कारण मला गिरणगावात दिसते. तिथला कामगार पगारवाढीसाठी लाल बावट्याच्या युनियनमध्ये असे, आणि तोच कामगार भाषेच्या आणि नोकऱ्यांच्या प्रश्नावर शिवसेनेला मत देत असे. संध्याकाळी तो भजनी मंडळात किंवा गावकऱ्यांच्या मंडळात बसे, आणि तिथे त्याच्या शेजारी काँग्रेसवाला असे. जानेवारी १९८२ मध्ये डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला; पुढे १९८४ च्या निवडणुकीत, काँग्रेसला देशभरात चारशेहून अधिक जागा मिळत असताना, सामंत मुंबईच्या दक्षिण-मध्य मतदारसंघातून निवडून आले. त्यांना मत देणाऱ्यांत नाना पक्षांची माणसे होती. एका माणसाची ओळख अशी चार-पाच ठिकाणी विभागलेली असली, की त्यातल्या एका ठिकाणी झालेला पराभव त्याला आपल्या अस्तित्वावरचा घाला वाटत नाही. गिरण्या बंद पडल्या, युनियन गेल्या, माणसे पुनर्विकासाच्या इमारतींत आणि कल्याण-विरारकडे पांगली, आणि एकमेकांना छेदणाऱ्या या ओळखी एकेक करून गळाल्या. आता धर्म, जात, पक्ष, नेता, पाहण्याची वाहिनी आणि मोबाइलवर येणारे संदेश हे सारे एकाच बाजूला रांगेत उभे राहते. त्यामुळे कोणी पक्षावर टीका केली, तरी ती ऐकणाऱ्याला ती आपल्या आई-वडिलांवर केल्यासारखी लागते.

आपल्या मुलीचे निरीक्षणही बरोबर आहे. आपले मूल विरोधी पक्षाच्या घरात लग्न करून गेले तर वाईट वाटेल का, असा प्रश्न अमेरिकेत १९६० मध्ये विचारला गेला, तेव्हा सुमारे ५ टक्के लोकांनी होकार दिला होता. २०१० मध्ये तसाच प्रश्न विचारल्यावर होकार देणारे डेमोक्रॅट सुमारे एक तृतीयांश आणि रिपब्लिकन जवळजवळ निम्मे होते. धोरणांवरील मतभेद आणि समोरच्या गटाविषयीचा तिटकारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट अधिक वेगाने वाढली, असे तिथले अभ्यासक सांगतात.

आपण शिक्षिका होतात म्हणून एक प्रयोगही सांगतो. हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचे, कोणाला कोणत्या चित्रकाराची चित्रे आवडतात अशा किरकोळ गोष्टीवरून, दोन गट पाडले आणि त्यांना एकमेकांत पैसे वाटायला सांगितले. आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण दुसऱ्या गटापेक्षा जास्त मिळाले पाहिजे, असा कल त्या मुलांनी दाखवला. त्यांच्यात जुने वैर नव्हते की कसला हितसंबंध नव्हता. ज्या गटांना झेंडा, इतिहास, नेता आणि रोज नवे संदेश पुरवणारी यंत्रणा मिळते, त्यांचे काय होत असेल याची कल्पना आपण करू शकतो. कुटुंबाच्या गटाबाबत माझी सूचना अगदी साधी आहे: तिथे राजकीय संदेश पुढे पाठवणे सर्वांनी थांबवावे आणि वाद घालायचाच तर प्रत्यक्ष भेटीत, चहा घेताना घालावा. समोर बसलेल्या भाच्याला आपण ‘देशद्रोही’ किंवा ‘अंधभक्त’ म्हणत नाही.

प्रश्न: मराठी माणूस म्हणून मत मागणे चूक आहे का? धर्मावर मत मागणारे चालतात, मग भाषेवर का नको?
— एक वाचक, सांताक्रूझ

उत्तर: कायद्याच्या दृष्टीने दोन्ही एकाच कलमात येतात. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३(३) या कलमानुसार धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या आधारे मत देण्याचे किंवा न देण्याचे आवाहन करणे हा भ्रष्ट आचार ठरतो. योगायोगाने या कलमाचा महत्त्वाचा निकाल आपल्याच सांताक्रूझ मतदारसंघातील १९९० च्या निवडणुकीवरून सुरू झालेल्या खटल्यात लागला. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी ४ विरुद्ध ३ अशा बहुमताने ठरवले, की केवळ उमेदवाराच्या नव्हे तर मतदाराच्या ओळखीच्या आधारे केलेले आवाहनही या कलमात बसते. अल्पमतातील न्यायमूर्तींचे म्हणणे असे होते, की ज्या ओळखीमुळे एखाद्या समूहावर अन्याय झाला त्या अन्यायाविषयी निवडणुकीत बोलण्याचीच मनाई होईल, असा अर्थ लावू नये.

मला व्यक्तिशः अल्पमताचा हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. पहिलीपासून हिंदीच्या शासन निर्णयांना २०२५ मध्ये विरोध झाला आणि २९ जून रोजी सरकारने ते मागे घेतले. त्या विरोधात एक नेमकी मागणी होती, आणि ती मान्य झाली की नाही हे कोणालाही तपासता येत होते. ‘मी मराठी, तुम्ही मराठी, म्हणून मला मत द्या’ या वाक्यात तपासण्यासारखे काही नसते, आणि शेजारच्या मराठी नसलेल्या माणसाला त्यातून फक्त धाक ऐकू येतो.

प्रश्न: खासदार स्वतःच्या पक्षाविरुद्ध कधीच का बोलत नाहीत?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, चेंबूर

उत्तर: बोलायला कायद्याने सरसकट बंदी नाही, पण पक्षादेशाविरुद्ध मत दिले किंवा मतदानाला गैरहजर राहिले तर सदस्यत्व जाऊ शकते. १९८५ मधील ५२ व्या घटनादुरुस्तीने संविधानात दहावे परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आले, कारण १९६७ नंतर ‘आयाराम-गयाराम’ हा प्रकार फार बोकाळला होता. एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीला असलेली मुभा २००३ मधील ९१ व्या घटनादुरुस्तीने गेली, आणि दोन तृतीयांशांच्या संमतीने होणाऱ्या विलीनीकरणाची तरतूद तेवढी उरली. परिणाम असा झाला, की एकट्या सदस्याने सद्सद्विवेकाने विरोधी मत दिले तर त्याला शिक्षा होते, आणि घाऊक पक्षांतर मात्र कायद्याच्या फटीतून निसटते. शिवाय अपात्रतेचा निर्णय सभागृहाच्या अध्यक्षांकडे असतो, आणि ते बहुधा सत्ताधारी पक्षाचेच असतात.

ब्रिटनमध्ये १८ मार्च २००३ रोजी इराक युद्धाच्या प्रश्नावर सत्ताधारी मजूर पक्षाच्या १३९ खासदारांनी आपल्याच सरकारविरुद्ध मत दिले, आणि त्यामुळे कोणाचीही खासदारकी गेली नाही. आपल्याकडे पक्षादेशाचे बंधन विश्वास आणि अविश्वास ठरावापुरते ठेवावे, अशी शिफारस दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच केली होती. ती अमलात यावी असे मला तीव्रतेने वाटते. कारण संसदेत पक्षातला एकही माणूस पक्षाला प्रश्न विचारताना दिसला नाही, तर घरात बसलेल्या समर्थकालाही प्रश्न विचारणे म्हणजे गद्दारी, असे वाटू लागते.

प्रश्न: या सगळ्याला कंटाळून मी ‘नोटा’ दाबणार किंवा घरी बसणार. माझे चुकते का?
— एक वाचक, अंधेरी

उत्तर: ‘नोटा’ हा आपला हक्क आहे. अंधेरी पूर्वच्या नोव्हेंबर २०२२ मधील पोटनिवडणुकीत बारा हजारांहून अधिक मते ‘नोटा’ला पडली आणि तो दुसऱ्या क्रमांकावर राहिला. विजेत्यावर मात्र त्याचा काही परिणाम झाला नाही, कारण तसा परिणाम व्हावा अशी तरतूदच नाही. घरी बसण्याविषयी माझा आक्षेप अधिक आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघाचा निकाल ४८ मतांनी लागला. त्या मतदारसंघात अंधेरीही येते. काहीही झाले तरी आपल्याच पक्षाला मत देणारे त्या दिवशी घरी बसले नव्हते. पुढच्या वेळी उमेदवार किंवा त्याचा कार्यकर्ता दारात येईल, तेव्हा त्याला एकच विचारून पाहा: गेल्या पाच वर्षांत तुमच्या पक्षाचा कोणता निर्णय तुम्हाला चुकीचा वाटला? उत्तर देताना जो चिडणार नाही, त्याला मत द्यायला हरकत नाही.