भारतात मतदान सक्तीचं करावं का?

नको, निदान नाव एका गावात आणि पोट दुसऱ्या गावात अशी लाखो मतदारांची स्थिती आहे तोवर तरी नको. सक्तीनं टक्का वाढतो, हे मान्य. ऑस्ट्रेलियात १९२२ साली ६० टक्क्यांच्या आत असलेलं मतदान १९२४ च्या कायद्यानंतर, १९२५ मध्ये, ९१ टक्क्यांवर गेलं. पण तिथं संसदेच्या निवडणुकीत दंड अवघा २० डॉलर, आणि सबळ कारण कळवलं तर तोही माफ. दंडाइतकंच काम सोयी करतात: मतदान शनिवारी, टपालानं किंवा आधी जाऊनही मत देता येतं, शिवाय राज्यातलं कुठलंही केंद्र चालतं. आपल्याकडे महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला झालं, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम सुरू होतानाच. बीडचा तोडकरी कोल्हापूरच्या फडात आणि मत मात्र गावच्याच केंद्रावर. त्यानं दोन दिवसांची मजुरी बुडवायची की दंड भरायचा? गुजरातनं स्थानिक निवडणुकांसाठी सक्तीचा कायदा केला होता, १०० रुपये दंडाचे नियमही निघाले; २०१५ मध्ये उच्च न्यायालयानं स्थगिती दिली. आणि हो, ढकलून आणलेला मतदार विचार करूनच मत देईल असंही नाही: ऑस्ट्रेलियात २०२२ ला सुमारे ५ टक्के मतपत्रिका बाद ठरल्या.