स्विस गार्डमध्ये माणसं १३५, मग त्यांचा कर्नल खरा कसा?

तुम्ही विचारलंय की व्हॅटिकनच्या स्विस गार्डमध्ये, म्हणजे पोपचं रक्षण करणाऱ्या दलात, जेमतेम १३५ माणसं असताना त्यांचा प्रमुख कर्नल कसा, ही पदं खरी की शोभेची, आणि कोण कुठल्या हुद्द्याचा हे ओळखायचं कसं.

पदं खरी आहेत. आपल्याकडे एवढ्या माणसांची कंपनी मेजर सांभाळतो म्हणून तिथला कर्नल खोटा, हा हिशोबच मला मान्य नाही. आपल्या मेजरच्या वर सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, असतो, सीओच्या वर ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर. स्विस गार्डच्या कर्नलच्या वर गणवेशातला दुसरा माणूसच नाही. भरती, शिस्त, पहारा, सगळं त्याच्यावर येतं आणि काही चुकलं तर तोच जबाबदार. त्याच्या हाताखाली लेफ्टनंट कर्नल, मेजर, कॅप्टन असे मोजके अधिकारी. २०१८ पर्यंत तर एकूण ११०च जण होते.

हे मी जरा तावातावाने लिहितोय, कारण हाच प्रश्न मी सेंट पीटर्स चर्चच्या डाव्या हाताला, घंटांच्या कमानीपाशी उभं राहून ऐकलाय. आम्ही भावंडं टूरबरोबर रोमला गेलो होतो. कमानीत पट्ट्यापट्ट्यांच्या गणवेशातला पोरगा हातात परशूसारखा भाला घेऊन उभा. माझा आतेभाऊ मोठ्याने म्हणाला, "हे तर वरातीतले बँडवाले! यांच्यात कर्नल कुठला आलाय?" सगळे हसले. तेवढ्यात आतून एक वयस्कर धर्मगुरू आले. पोराने टाच अशी आपटली की आमच्या घोळक्यातलं हसू एकदम थांबलं. हनुवटी वर, नजर समोर, भाल्याचा दांडा सरळ. ते ड्रिल मी लहानपणापासून ओळखतो. आमचे आबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत हवालदार होते.

याच आतेभावाने धाकट्या बहिणीच्या साखरपुड्यात, मुलाच्या काकांनी "सुभेदार होऊन रिटायर झाले का?" असं विचारल्यावर, आबांनी तोंड उघडायच्या आत सांगितलं होतं, "नाही हो, हवालदारच. तीन फिती." तो 'च' मी आजवर विसरलेलो नाही. आबा काही बोलले नाहीत, पाहुण्यांना पान पुढे करत राहिले. पण त्या तीन फिती आईने त्यांच्या बाहीवर कशा शिवल्या होत्या ते मी पाहिलंय. टोकं अगदी एका रेषेत यावीत म्हणून आधी कच्चा टाका घालायची, आबा दिव्याजवळ धरून बघायचे, केसभर सरकली तरी उसवायला लावायचे. टोपीवरचा हिरवा-लाल तुरा तर ते कुणाला हातही लावू देत नसत. त्या तुऱ्याला आमच्या गावात कुणी बँडवाला म्हणालं असतं तर काय झालं असतं, हे सातारकरांना सांगायला नको.

म्हणून त्या आतेभावाला मी तिथेच ऐकवलं, आता तुम्हालाही सांगतो. १५२७ साली ६ मेला सम्राट पाचव्या चार्ल्सच्या पगार थकलेल्या, बेफाम झालेल्या फौजेने रोम लुटलं. त्या दिवशी १८९ गार्डपैकी १४७ मेले. त्यांचा कमांडर कास्पार रोइस्टही मेला. उरलेल्या ४२ जणांनी पोप सातवा क्लेमेंट याला तटावरच्या वाटेने सांत'अँजेलो किल्ल्यात नेऊन पोहोचवलं. दल तेव्हाही लहानच होतं. १५०६ मध्ये पोप दुसऱ्या ज्युलियसने ते उभं केलं तेव्हा फक्त १५० माणसं आली होती. आजही नवी पोरं शपथ घेतात ती ६ मेलाच. डाव्या हाताने झेंडा धरायचा आणि उजव्या हाताची तीन बोटं वर करायची. तेव्हा शोभेचं कोण आणि खरं कोण हे डोकी मोजून ठरवू नका.

आता ओळखायचं कसं. पहिलं म्हणजे खांद्यावर तारे शोधत बसू नका, समारंभाच्या गणवेशात शिरस्त्राणाचा तुरा बघा. साध्या शिपायाचा, म्हणजे हेलेबार्डियरचा, तुरा लाल. कमांडरचा, म्हणजे त्या कर्नलचा, पांढरा. पांढरा आणखी एकालाच मिळतो, फेल्डवेबेलला, म्हणजे सार्जंट मेजरला. त्याचा गणवेशही वेगळा, वर काळा आणि खाली किरमिजी. कॉर्पोरल आणि व्हाइस कॉर्पोरल यांच्या बाह्यांच्या कफला लाल किनार असते आणि हातातलं शस्त्रही हेलेबार्डपेक्षा, म्हणजे त्या परशूसारख्या भाल्यापेक्षा, वेगळं, जास्त भाल्यासारखं. आपल्याकडच्या नायब सुभेदार, सुभेदार या मधल्या थराला तिथे जोड नाही, त्यामुळे तुलना करायला गेलात तर तिथेच अडाल. रोजच्या निळ्या गणवेशात हा तुऱ्यांचा हिशोब अर्थातच चालत नाही.

आणि तो पट्ट्यांचा गणवेश मायकेलअँजेलोने बेतलेला नाही. आमचा गाइडही त्याचंच नाव सांगत होता, पण ते चूक. आजचं रूप ज्यूल रेपाँ या कमांडरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ठरवलं. नुसती हौस म्हणून तो अंगावर चढतही नाही. स्विस नागरिक, कॅथलिक, १९ ते ३० वयाचा, किमान १७४ सेंटिमीटर उंच, स्वित्झर्लंडच्या सैन्याचं प्राथमिक प्रशिक्षण पुरं केलेला पोरगाच तिथे जातो, तोही सगळ्यात खालच्या पदावर.

शोभेची दलं व्हॅटिकनमध्येही होती, हे मात्र मान्य करायला हवं. सरदार घराण्यातल्यांची नोबल गार्ड आणि तिच्या जोडीची पॅलाटाइन गार्ड पोप सहाव्या पॉलने १९७० मध्ये मोडीत काढली. स्विस गार्ड ठेवली. शिवाय मी म्हणतोय ते सगळ्याच चिमुकल्या देशांना लागू करू नका. लिक्टेनस्टाइनने तर १८६८ मध्ये सैन्यच बंद केलं, तिथे कर्नल शोधायला जाऊ नका.