टेलर आडनावाचे सगळे एकमेकांचे नातेवाईक का?

प्रश्न: नळदुर्ग बघायला गेलो तेव्हा तिथं टेलरसाहेबाचं नाव ऐकलं. क्रिकेटमधले टेलर ह्याच घराण्यातले का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: नाही हो, तसं काही नाही. टेलर हे धंद्यावरून पडलेलं आडनाव, शिंप्याचं. इंग्लंडात गावोगावी शिंपी होते, त्यामुळं एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली शेकडो घरं टेलर झाली.

तुम्ही ऐकलेला तो फिलिप मेडोज टेलर, जन्म १८०८ लिव्हरपूलचा, पोरवयातच हिंदुस्थानात आला आणि निजामाच्या नोकरीत लागला, १८५३ मध्ये निजामानं काही मुलूख इंग्रजांकडं दिला तेव्हा नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार त्याच्याकडं आला. पण मला तो साहेबापेक्षा लेखक म्हणून जास्त आवडतो, कारण १८६३ च्या त्याच्या 'तारा' कादंबरीची नायिका चक्क आपल्या तुळजापूरची आहे, अफझलखानाच्या स्वारीचा काळ आहे, आणि सोलापूरच्या माणसानं एकदा तरी वाचावीच असं मला मनापासून वाटतं.

क्रिकेटमधले दोघं तर वेगवेगळ्या देशांचे. रॉस टेलर न्यूझीलंडचा, त्याची आई मूळची सामोआची. मार्क टेलर ऑस्ट्रेलियाचा कॅप्टन, १९९८ मध्ये पेशावरला दिवसअखेर नाबाद ३३४, म्हणजे ब्रॅडमनच्या बरोबरीला, आणि दुसऱ्या दिवशी पठ्ठ्यानं डाव घोषित केला! एक रन काढला असता तर पुढं गेला असता, पण टीम आधी. असा कॅप्टन विरळाच.

बाकी अमेरिकेचे बारावे अध्यक्ष झॅकरी टेलर, नटी एलिझाबेथ टेलर, हेही आपापल्या घरचे.