रोख हातउसने, पाच लाखांचा चेक आणि मधले साठ हजार

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. ओळखीच्या माणसाला दुकान वाढवायला पाच लाख रुपये रोख, हातउसने दिले. कागद केला नाही, रिटर्नमध्ये दाखवले नाहीत. मागे लागल्यावर त्याने पाच लाखांचा चेक दिला आणि तो पुरेशी शिल्लक नाही म्हणून परत आला. या सगळ्यात कधीतरी त्याने साठ हजार जीपेवर पाठवले. पोलीस म्हणतात, हे दिवाणी आहे, कोर्टात जा. आणि इथे एकाने केरळ उच्च न्यायालयाच्या निकालाची बातमी डकवून लिहिलंय की वीस हजारांच्या वरचं रोख कर्ज म्हणजे पैसे गेलेच समजा.

आधी त्या बातमीचं बघू, कारण ती अजूनही व्हॉट्सॲपवर फिरतेय. केरळ उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये तसं म्हटलं होतं हे खरं. १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम २६९एसएस सांगतं की वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने कर्ज म्हणून घेऊ नये. त्यावरून तिथल्या न्यायालयाने निष्कर्ष काढला की सबळ कारण नसेल तर असं कर्ज कायद्याने वसूल होण्याजोगं नाही आणि म्हणून चेक न वटल्याची केसही टिकत नाही. पण २५ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे मत चुकीचं ठरवलं. विशेष म्हणजे ते प्रकरण आपल्या शेजारचं, गोव्यातलं होतं. सहा लाखांचा चेक, खालच्या दोन्ही कोर्टांत शिक्षा, मग मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने आरोपीला सोडलं आणि सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली. न्यायालयाचं म्हणणं साधं आहे. २६९एसएस मोडलं तर त्याची शिक्षा त्याच कायद्यात दिलेली आहे, ती म्हणजे दंड. व्यवहारच बेकायदा किंवा रद्द ठरतो असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. आणि हा दंड पैसे घेणाऱ्यावर असतो, हेही लोक विसरतात.

मुंबई उच्च न्यायालयाचं बोलायचं तर इथेही मतं दोन होती. २००९ मध्ये एका न्यायमूर्तींनी म्हटलं होतं की हिशेबात न दाखवलेली रोख रक्कम ‘कायदेशीर देणं’ ठरत नाही. आरोपीचे वकील वर्षानुवर्षं हाच निकाल पुढे करायचे. नंतरच्या काही निकालांनी वेगळं मत दिलं, म्हणून प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला आणि २०२३ मध्ये नागपूर खंडपीठाच्या दोन न्यायमूर्तींनी तो निकाली काढला: हिशेबाच्या वहीत किंवा रिटर्नमध्ये नोंद नाही एवढ्यावरून देणं बुडत नाही. त्यामुळे निदान महाराष्ट्रात तरी केरळची बातमी यायच्या आधीच उत्तर मिळालेलं होतं. निकालाची बातमी पुढे ढकलण्याआधी एवढं बघावं, की कोर्ट कोणतं, न्यायमूर्ती किती आणि वर कोणी बदललंय का.

तर रोख दिलेत म्हणून तुमची केस पडणार नाही. मला काळजी वाटते ती त्या साठ हजारांची, आणि त्याबद्दल इथे कोणी एक शब्दही काढलेला नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या एका प्रकरणात ठरवलं की चेक दिल्यानंतर आणि तो बँकेत टाकण्याआधी कर्जाचा काही भाग फिटला असेल, तर पूर्ण रकमेचा तो चेक त्या दिवशीच्या खऱ्या देण्याचा राहत नाही. मग तो परत आला तरी निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ चा, म्हणजे चेक न वटल्याचा, गुन्हा होत नाही. फिटलेल्या रकमेची नोंद चेकवर करून फक्त उरलेल्या रकमेसाठी तो भरायला हवा होता, तशी सोय त्याच कायद्याच्या कलम ५६ मध्ये आहे. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो आणि माझ्या टेबलावरचं निम्मं काम १३८ चंच असतं. एवढ्या वर्षांत अशी नोंद केलेला चेक माझ्या पाहण्यात आलेला नाही. व्यवहारात लोक उरलेल्या रकमेचा नवा चेक घेतात आणि तेच बरं.

म्हणून साठ हजार कधी आले यावर सगळं आहे. चेक हातात आल्यानंतर आणि बँकेत टाकण्याआधी आले असतील, तर या चेकवर फौजदारी केस लावणं म्हणजे दोन-चार वर्षं तारखा करून शेवटी हात हलवत परत येणं. चेकची तीन महिन्यांची मुदत अजून शिल्लक असेल तर चेकचे पैसे मागणारी नोटीस पाठवायची घाई करू नका. त्याच्याकडून चार लाख चाळीस हजारांचा नवा चेक घ्यायचा प्रयत्न करा. चेक परत आल्यानंतर त्याने पैसे पाठवले असतील तर गुन्हा पुसला जात नाही, फक्त नोटिशीत त्या पैशांचा स्वच्छ उल्लेख करा. आणि चेक देण्याच्याही आधी पाठवले असतील, तर कोर्ट विचारणार की चार चाळीस देणं असताना चेक पाच लाखांचा कसा? ‘वरचे साठ व्याजाचे’ असं उत्तर तुमच्या ओठांवर येईल. ते देण्याआधी दहा वेळा विचार करा. व्याज ठरलं होतं हे कुठे लिहिलंय? आणि याच पद्धतीने आणखी चार जणांना पैसे दिले असतील तर समोरचा वकील २०१४ चा महाराष्ट्राचा सावकारी कायदा काढतो. परवाना नसताना व्याजाने पैसे द्यायचा धंदा करणं हा तिथे स्वतंत्र गुन्हा आहे. एखाद्या मित्राला अडीअडचणीला दिलेले पैसे म्हणजे सावकारी नव्हे, पण ते तुम्हाला सांगता आलं पाहिजे. खोटं काहीच बोलू नका. जीपेची नोंद त्याच्या मोबाइलमध्येही आहे.

आता तारखा. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो ज्या दिवशी हातात पडला तिथून तीस दिवसांत नोटीस निघाली पाहिजे. समजा मेमो ३ मार्चला मिळाला, तर २ एप्रिल हा शेवटचा दिवस. नोटीस त्याला ७ एप्रिलला मिळाली तर २२ एप्रिलपर्यंत पैसे द्यायची त्याला मुभा. २३ एप्रिलपासून केस दाखल करायचा तुमचा एक महिना सुरू. त्याआधी केस दाखल केली तर ती अकाली म्हणून जाते, हेही होतं. एक महिन्याच्या मुदतीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते. नोटिशीच्या तीस दिवसांना मात्र माफी नाही.

नोटिशीचा मजकूर वकिलाकडूनच करून घ्या आणि सही करण्याआधी स्वतः चेकशेजारी ठेवून आकडा-आकडा ताडून बघा. सप्टेंबर २०२५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने एक प्रकरण निव्वळ याच कारणाने निकाली काढलं. चेक एक कोटीचा, नोटिशीत मागणी दोन कोटींची. टंकलेखनाची चूक झाली म्हणून सांगितलं, ऐकलं गेलं नाही. मागणी चेकच्याच रकमेची हवी. नोटिशीचा खर्च, व्याज वगैरे मागायचं असेल तर वेगळं लिहायचं, रकमेत मिसळायचं नाही. पत्ता बरोबर असेल आणि त्याने नोटीस घेतली नाही, ‘घेण्यास नकार’ म्हणून पाकीट परत आलं, तरी ती पोचली असंच धरतात. ते पाकीट फोडू नका, तसंच वकिलाला द्या. केस लागेल ती तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. तो राहतो त्या गावाला जायची गरज २०१५ च्या दुरुस्तीनंतर उरलेली नाही.

सही त्याची आहे हे मान्य झालं की कायदा गृहीत धरतो की चेक देणं फेडण्यासाठीच दिला होता. कोरा चेक सही करून दिला होता, रक्कम यानेच भरली, ही ओरड प्रत्येक केसमध्ये असते. तेवढ्याने काही होत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. पण हे गृहीतक आरोपीला खोडता येतं आणि त्यासाठी त्याला पक्का पुरावा द्यावा लागत नाही, तुमच्या म्हणण्यात शंका उभी केली तरी पुरतं. ती शंका तो कुठे उभी करेल? तुमच्याकडे पाच लाख होते का, इथे.

रोख व्यवहाराची केस खरी तोलली जाते ती उलटतपासणीत. प्रश्न साधारण असे येतात. पैसे बँकेतून काढले का? नाही, घरात होते. घरात कुठे? कपाटात. किती दिवस? नोटा पाचशेच्या होत्या की शंभरच्या? देताना कोण होतं? घरच्यांना माहीत होतं का? महिन्याचा पगार किती? त्या वर्षीच्या रिटर्नमध्ये उत्पन्न किती दाखवलं? या शेवटच्या प्रश्नाला तुम्ही अडखळता आणि तिथे त्याचा वकील खाली बसतो. २०२३ च्या आणि २०२५ च्या निकालांनी तुम्हाला एवढंच दिलंय की रिटर्नमध्ये नोंद नाही म्हणून केस दारातच अडणार नाही. पैसे होते आणि ते दिले हे पटवायचं काम तुमचं तुम्हालाच आहे. तेव्हा आजच शोधाशोध करा: बँकेतून काढलेली रक्कम, सोनं तारण ठेवल्याची पावती, जमीन किंवा गाडी विकल्याचा कागद, भिशी लागल्याचं लिखाण. त्याचे ‘दोन महिने थांब, करतो’ असे मेसेज असतील तर फोन बदलू नका, चॅट पुसू नका. अशा मोबाइलमधल्या पुराव्याला नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील करून घेतील. तसाही त्या साठ हजारांचा एक फायदा आहेच: काहीच घेतलं नव्हतं म्हणणारा माणूस साठ हजार कशाचे पाठवतो, हे त्याला सांगावं लागेल.

पोलिसांचं म्हणाल तर त्यांचं या वेळी बरोबर आहे, फारसं वाईट वाटून घेऊ नका. १३८ मध्ये एफआयआर नसतो, थेट कोर्टात तक्रार करायची असते. फसवणुकीचा गुन्हा हवा असेल तर पैसे घेतानाच बुडवायचा इरादा होता हे दाखवावं लागतं आणि साठ हजार परत करणाऱ्या माणसाविरुद्ध ते अवघड आहे. दिवाणी वादांवरून फसवणुकीचे गुन्हे नोंदवायला लावायचे, हा खेळ सर्वोच्च न्यायालयाला अलीकडे अजिबात खपत नाही. एप्रिल २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात यावरून पन्नास हजारांचा खर्च बसवला होता.

दिवाणी दावा वेगळा आणि तो १३८ सोबतही चालतो. चेक हातात आहे म्हणून समरी दावा लावता येईल, त्यात समोरच्याला कोर्टाची परवानगी घेतल्याशिवाय बचाव मांडता येत नाही. साठ हजारांमुळे १३८ लंगडं पडत असेल तर चार लाख चाळीस हजारांचा दावा हाच सरळ रस्ता. पैसे देऊन तीन वर्षं होत आली असतील तर आधी मुदत बघा. तीन वर्षं उलटल्यावर चेक दिला असेल तरी सगळं संपत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी २०१२ मध्ये म्हटलंय की मुदतबाह्य देण्यासाठी दिलेला चेक म्हणजे करार कायद्याच्या कलम २५(३) खालचं नवं लेखी वचन. एक अडचण मात्र सांगून ठेवतो. दावा लावताना दोन लाख किंवा जास्त रोख दिल्याचं लिहिलंत की कोर्टाने आयकर खात्याला कळवायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलंय. तेव्हा वकिलाच्या आधी तुमच्या सीएकडे जाऊन या आणि पैसा कुठून आला ते त्याला खरं सांगा.

केस लागल्यावर लगेच एक लाख हातात पडतील असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. चेकच्याच कायद्याच्या कलम १४३अ खाली वीस टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई मिळू शकते, पण ती द्यायची की नाही हे कोर्टाच्या मर्जीवर आहे, हे मार्च २०२४ मध्ये ठरलंय. शिवाय चेक त्याच्या दुकानाच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचा असेल तर सही करणाऱ्याकडून ती भरपाई मागताच येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाचं हे २०२३ चं मत वर कायम झालंय. चेक वैयक्तिक खात्याचा आहे ना, तेवढं बघून घ्या.

तडजोडीला दार उघडं ठेवा. त्या गोव्याच्याच निकालाने नवे दर ठरवून दिलेत: आरोपीचा बचावाचा पुरावा सुरू व्हायच्या आधी मिटवलं तर वरचा भुर्दंड काही नाही, त्यानंतर निकालाआधी चेकच्या रकमेच्या पाच टक्के, सत्र किंवा उच्च न्यायालयात साडेसात, सर्वोच्च न्यायालयात दहा. पहिल्या दोन-तीन तारखांनाच हे त्याच्या कानावर घालायला वकिलांना सांगा. त्या खटल्यात शेवटी आरोपीला पन्नास-पन्नास हजारांच्या पंधरा मासिक हप्त्यांत साडेसात लाख भरायला सांगितलं होतं. असा हप्ता तुम्हाला चालणार असेल तर तसं आधीच ठरवा.

आता चार तारखा इथे लिहा: पैसे दिले ती, चेकवरची, साठ हजार आले ती आणि मेमो मिळाला ती. नावं, चेक नंबर, खाते क्रमांक काही टाकू नका. आणि मेमोला पंचवीस दिवस होऊन गेले असतील तर इथे उत्तराची वाट बघत बसू नका, उद्या सकाळीच वकील गाठा.