पोहता येत नसेल तर कौडियालापासूनचं राफ्टिंग करावं का?

विचारणाऱ्यांचं म्हणणं थोडक्यात असं: बडोद्याहून चौघं एप्रिलमध्ये ऋषिकेशला जाताहेत, शिवपुरीचा सोपा पट्टा नको, कौडियालापासूनचा अवघड पट्टा एका दिवसात करायचाय. दोघांना पोहता येत नाही. त्यांना न्यावं का, आणि माणशी खर्च किती?

न्या. लक्ष ठेवायचंच असेल तर पोहता येणाऱ्या दोघांवर ठेवा.

मला स्वतःला पोहता येत नाही. आमचं घर दांडिया बाजारात, विश्वामित्रीत मगरी, तेव्हा नदीत उतरायचा प्रश्नच आला नाही. दादा मात्र लहानपणापासून लाल बागच्या स्विमिंग पूलवर. कपाटात त्याची मेडलं आहेत आणि तोंडात एकच वाक्य: पाण्यात पडलं की पोहता येतं. म्हणताना बघायचा माझ्याकडे.

2019 च्या एप्रिलमध्ये दादा, वहिनी, मी आणि ऑफिसातले तिघं गेलो. देवप्रयागला अलकनंदा आणि भागीरथी एक होतात, तिथून गंगा अरुंद घळीतून खाली येते. दोन्हीकडे उभे डोंगर, वर जंगल, आणि नदीच्या आवाजात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. कौडियाला याच पट्ट्यात, ऋषिकेशच्या 35-36 किलोमीटर वर. शिवपुरीच्या खाली रोलर कोस्टर, गोल्फ कोर्स वगैरे रॅपिड, म्हणजे खळाळत्या पाण्याचे टप्पे, आहेत, मजा येते, पण सुट्टीत तिथे नुसती जत्रा असते. कौडियाला ते मरीन ड्राइव्ह (मुंबईचं नव्हे, तिथलंच गंगेकाठचं ठिकाण) मात्र वेगळंच प्रकरण. 'द वॉल' नावाचा रॅपिड तिथेच आहे. ग्रेड 4, म्हणजे अवघड, पाणी वाढलं की त्याच्याही वर.

गाइडने विचारलं, "तैरना किसको आता है?" दादाचा हात सगळ्यात आधी वर. गाइड म्हणाला, "ठीक है, अब भूल जाओ." आम्ही हसलो. तो हसला नाही.

दादा धिप्पाड, म्हणून त्याला पुढे बसवलं, मी त्याच्या मागे. वॉलच्या तोंडाशी गाइड "फॉरवर्ड, फॉरवर्ड" ओरडत होता. समोर लाट उभी राहिली आणि दादाने वल्हं पाण्याबाहेर काढून चक्क डोक्यावर धरलं. नेमकं हेच करायचं नसतं. वल्हं पाण्यात रुतलेलं असतं तोवर त्याचा आधार असतो, वर काढलं की तुम्ही नुसतं राफ्टच्या कडेच्या फुगवलेल्या ट्यूबवर ठेवलेलं गाठोडं. राफ्ट उसळली आणि पुढची जागा रिकामी.

पडल्यावर काय करायचं ते आदल्या अर्ध्या तासात सांगून झालं होतं: उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने, अंगठे पाण्यावर दिसले पाहिजेत, उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही, कारण दगडात पाय अडकला की प्रवाह माणसाला खाली दाबतो. दादाने काय केलं? फ्रीस्टाइल! फेसाळ पाण्यात हवाच जास्त असते, हाताला धड पाणी लागत नाही, लाइफ जॅकेटसुद्धा तितकं उचलत नाही. तीन-चार हात मारले असतील, प्रत्येक वेळी तोंड फेसात. मग प्रवाहानेच त्याला राफ्टजवळ आणलं. मी जॅकेटचे खांद्यावरचे दोन्ही पट्टे धरले, गुडघे ट्यूबला टेकवले आणि गाइड "पीछे गिरो!" ओरडल्याबरोबर पाठीवर पडले. ब्याण्णव किलोचा माणूस माझ्या अंगावर. ओढायला ताकद लागत नाही, स्वतःला मागे झोकून द्यावं लागतं. आम्हाला काठावर हे दोनदा करायला लावलं होतं. तेव्हा दादा फोटो काढत होता.

आता गणपतीत सगळे जमले की तो सांगतो, "मीच बाजूची दोरी धरून वर आलो, ही मधे आली." कॅमेऱ्यात काय आहे? अकरा सेकंद आभाळ आणि कोणीतरी "आई गं" म्हणतंय. वहिनी कुणाचीच बाजू घेत नाही, सेव-उसळ वाढत राहते.

तर तुमच्या दोघांना सांगा: आज्ञा ऐकायची, वल्ह्याच्या मुठीवरचा हात सोडायचा नाही, बाकी गाइडवर सोपवायचं. सोबत सेफ्टी कयाक, म्हणजे पडलेल्याला गाठायला बरोबर चालणारी छोटी होडी, नसेल तर वॉलला जाऊ नका, मग तो कितीही स्वस्तात नेत असू दे. खर्चाचं तिथे दोन-तीन ठिकाणी विचारा.

हो, एक राहिलं. पोहता येत नाही हे लपवू नका. पाणी चढलं असेल तर गाइड न पोहणाऱ्यांना वॉलच्या आधी उतरवून काठाने चालवतो, तेव्हा हुज्जत घालू नका. हृदयविकार, फिटस्, गरोदरपण असेल तर हा पट्टा नकोच. एप्रिलमध्येही पाणी बर्फाचंच, पहिल्या लाटेला श्वास अडकतो. आणि जुलै-ऑगस्टमध्ये तिथलं राफ्टिंग बंद असतं, तेव्हा तारीख पुढे ढकलायची झाली तर एकदम सप्टेंबरच्या शेवटी.

दादा हे वाचेल, मला माहीत आहे. माझ्या हनुवटीवर त्याच्या हेल्मेटचा व्रण अजून आहे. दोरी धरून स्वतः चढलेल्या माणसाचं हेल्मेट माझ्या हनुवटीवर कसं आपटलं, तेवढं त्याने खाली लिहावं.