बालवाडीच्या जुन्या संगणकांवर काय घालावं?

नमस्कार ताई. मुंबईच्या मंडळाने गावच्या बालवाडीला दोन वापरलेले संगणक दिले, मुलं चार ते सहा वर्षांची, इंटरनेट म्हणजे कुणाच्या तरी मोबाईलचा हॉटस्पॉट, आणि एक विक्रेता मुलांच्या शिकण्याच्या सॉफ्टवेअरचं वर्षाच्या वर्गणीचं पॅकेज घ्या म्हणून मागे लागलाय. ते घ्यावं का, असं तुम्ही विचारलंत. माझ्या मते आत्ता तरी नको. टक्स पेंट आणि जीकॉम्प्री ही दोन मोफत सॉफ्टवेअर घाला आणि हे वर्ष तेवढ्यावरच काढा. देवगडकडच्या काही बालवाड्यांत मी हेच लावून दिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विक्रेते डेमोत बहुतेक वेळा बाराखडीचं गाणं लावतात. हत्ती नाचतो, फुगे फुटतात, बाई खूश. पण मुलाने त्यात केलं काय? नुसतं बघितलं. तेवढ्यासाठी घरचा टीव्ही आहे की. त्याला सरळ सांगा, डेमो मला नको, माउस मुलांच्या हातात द्या. मग चुकीच्या उत्तराला काय होतं ते बघा. पुष्कळ पॅकेजांत बरोबर उत्तराला साधी टाळी आणि चुकीला असा काही मजेशीर आवाज, की पोरं मुद्दाम चुकीचंच दाबत बसतात आणि खिदळतात. त्यांच्या दृष्टीने ते अगदी बरोबरच आहे म्हणा!

दुसरं, मराठी खरंच मराठी आहे का ते तपासा. हिंदी वर्णमालेवर मराठीचं लेबल चिकटवलेला माल खूप येतो. ळ गायब, ‘ज्ञ’चा उच्चार ‘ग्य’, ल आणि श हिंदी वळणाचे. हेच मूल पहिलीत गेलं की बालभारतीच्या पुस्तकात पाकळीचा ल आणि देठाचा श बघून बुचकळ्यात पडतं. विक्रेत्याला ‘बाळ’ आणि ‘शाळा’ हे दोन शब्द पडद्यावर दाखवायला आणि ऐकवायला सांगा. बाकी काही विचारायची गरज पडणार नाही.

आता टक्स पेंट. 2002 पासून चालत आलेलं चित्रकलेचं सॉफ्टवेअर, साधारण तीन ते बारा वर्षांच्या मुलांसाठी. जुन्या मशीनवर चालतं, इंटरनेट लागत नाही, जाहिरात नाही. जतन करताना फाइलचं नाव विचारत नाही, आणि उघडताना आधीच्या चित्रांची छोटी रूपं समोर मांडतं, म्हणजे वाचता न येणारं मूलसुद्धा आपलं कालचं चित्र शोधून काढतं. सोबत सेटिंगचं वेगळं सॉफ्टवेअर मिळतं. त्यातून पूर्ण पडदा चालू करा, बाहेर पडायचं आणि छपाईचं बटण बंद करा. नाहीतर दर दोन मिनिटांनी ‘बाई, माझं गेलं!’ सुरू होतं.

पण मला ते आवडतं ते त्यातल्या शिक्क्यांमुळे. तयार शिक्क्यांचा संच वेगळा उतरवून घ्यावा लागतो, तो घ्याच. पण आपले शिक्केही घालता येतात. पारदर्शक पार्श्वभूमीचं (म्हणजे चित्राभोवती पांढरा चौकोन नसलेलं) पीएनजी प्रकारातलं चित्र शिक्क्यांच्या फोल्डरमध्ये टाकायचं, त्याच नावाने मजकुराची छोटी फाइल आणि आवाजाची फाइल. मूल शिक्का निवडतं तेव्हा तो आवाज वाजतो. आम्ही बांगडा, सुरमई, खेकडा, होडी, माड, फणस असे शिक्के केले, आणि नावं सेविकाताईंच्या आवाजात मोबाईलवर रेकॉर्ड केली. परक्या आवाजातल्या ‘अ अननसाचा’ला जी मुलं तोंड उघडत नव्हती, ती खेकड्यावर तुटून पडली. एक पोर तर रोज पूर्ण पडदाभर बांगडेच छापायचं. छापू द्यावेत. मग हळूच विचारायचं, किती झाले रे?

जीकॉम्प्री 2000 साली सुरू झालं, दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी. त्यात शंभराहून जास्त खेळ आहेत, आणि अडचणही तीच. सगळे उघडे ठेवले तर मूल एकातही टिकत नाही. खेळ किती अवघड ते ताऱ्यांनी दाखवलेलं असतं, सेटिंगमध्ये ते तारे कमी करून ठेवा. पहिले काही दिवस फक्त माउसचे खेळ: नुसता माउस फिरवून वरचा थर पुसायचा आणि खालचं चित्र उघडं करायचं, मग क्लिकने, मग डबल क्लिकने. त्याशिवाय पुढचं सगळं व्यर्थ. भाषांच्या यादीत मराठी दिसली तरी आवाज मराठीत आहेत का हे वेगळं तपासून घ्या, कारण मजकूर आणि आवाज ही दोन स्वतंत्र कामं असतात. आवाज नसले तर स्पीकर बंद ठेवा आणि जोड्या, आकार, मोजणी असेच खेळ द्या.

वेळेबद्दल: भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2021 च्या सूचनांत दोन ते पाच वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन सांगितलाय, तोही मोठ्यांच्या देखरेखीत. त्यात घरचा टीव्ही आणि आईचा मोबाईल आलाच. म्हणून बालवाडीत एका जोडीला पंधरा मिनिटं बस झाली. आणि हो, जोडीच. एकाच्या हातात माउस, दुसरा सांगणार. भांडतील, पण बोलतीलही.

गोष्टींसाठी प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेचं स्टोरीवीव्हर हे मोफत संकेतस्थळ आहे. तालुक्याला रेंज मिळाली की मराठी गोष्टींच्या पीडीएफ उतरवून पेनड्राइव्हवर आणा, आणि पडदा सगळ्यांकडे फिरवून तुम्हीच वाचा. स्क्रॅचज्युनियर, खान अकॅडमी किड्स ही मुलांच्या ॲपची नावं कुणी सुचवेल. ती मुख्यतः टॅबलेटसाठी आहेत, तुमच्या मशीनसाठी नाहीत.

जुन्या विंडोजचं ओझं होत असेल तर त्याऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली, त्यातही लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घाला, वरची दोन्ही सॉफ्टवेअर तिच्यावर चालतात. केरळच्या सरकारी शाळांत वर्षानुवर्षं लिनक्स आहे, तेव्हा ‘हे कोण दुरुस्त करणार’ म्हणून घाबरू नका. दुरुस्तीपेक्षा ओल जास्त त्रास देते. पावसात मशीन झाकून ठेवण्याऐवजी रोज थोडा वेळ चालू ठेवा, भिंतीपासून जरा लांब ठेवा, आणि ढग गडगडायला लागले की प्लग ओढून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

शिक्क्यांचं फोल्डर सापडलं नाही तर कुठलं विंडोज आहे तेवढं कळवा. माशांचे शिक्के माझ्याकडे तयार आहेत, ते पाठवतो. आवाज मात्र तुमच्याकडचेच भरा, आमच्याकडच्या मालवणी हेलावर तुमची गुहागरची पोरं हसतील.