एकाच माणसाला नाट्यगीत आणि हेवी मेटल दोन्ही खरंच आवडू शकतं का? तुमची आवडती गाणी आणि बँड कोणते?

आवडू शकतं. ‘सगळ्या प्रकारांतलं ऐकतो’ म्हणणारे निम्मे लोक मिरवायला सांगतात, असा संशय तुम्ही प्रश्नाखाली लिहिलाय. तो अगदीच चुकीचा नाही, पण गोव्यात त्यासाठी मुद्दाम काही करावं लागत नाही. कानावर येतं ते ऐकायचं, बस्स.

मी फोंडा तालुक्यातला. घरात कोंकणी, पेपर मराठी. चवथीच्या आरतीला आमच्याकडे शामेळ (जोडनगाऱ्यासारखं वाद्य), कासाळे (मोठ्या झांजा) आणि घुमट. तेच घुमट दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत ख्रिस्ती घरांत ‘मांडो’ या कोंकणी प्रेमगीताच्या साथीला असतं. मातीचं भांडं, एका तोंडावर चामडं, दुसरं लहान तोंड उघडं. त्या उघड्या तोंडावर तळवा दाबत-सोडत खर्ज काढायचा. पूर्वी चामडं घोरपडीचं असे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते बंद करावं लागलं, आता बकरीचं लावतात. २०१९ मध्ये सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. जुने वाजवणारे म्हणतात, तो नाद राहिला नाही. राहिला नसेल, पण त्यासाठी घोरपडी मारा असं काही मला म्हणवत नाही. मुद्दा एवढाच की आरती आणि मांडो हे माझ्यासाठी दोन ‘प्रकार’ कधी नव्हतेच.

आता नावं. पहिलं शास्त्रीय गायिका केसरबाई केरकर. केरी गावच्या, जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. रेकॉर्ड काढायला त्या फारशा राजी नसत, त्यामुळे जे थोडं हाती आहे ते पुन्हा पुन्हा ऐकतो. त्यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ मध्ये नासाच्या दोन व्हॉयेजर अवकाशयानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. त्यांतलं नंतर सुटलेलं यान ५ सप्टेंबरला निघालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. साडेतीन मिनिटांत ही बाई जे करते ते पुष्कळांना तासाभरात जमत नाही. मोगूबाई कुर्डीकरही खाँसाहेबांच्याच शिष्या. त्यांचं कुर्डी गाव साळावली धरणाखाली गेलं. मे महिन्यात पाणी ओसरलं की अवशेष वर येतात आणि जुने गावकरी तिथे जमतात. मोगूबाईंच्या कन्या किशोरीताई आमोणकरांचा भूप राग, ‘सहेला रे’, हा माझा नेहमीचा. गाडी चालवताना मात्र लावत नाही, वळण चुकतं.

नाट्यगीतांत मी उघडउघड पक्षपाती आहे. संगीतकार जितेंद्र अभिषेकी मंगेशीचे, गायक-नट रामदास कामत साखळीचे. ‘मत्स्यगंधा’ १९६४ चं, ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ चं, दोन्हींचं संगीत अभिषेकींचं. अभिषेकीबुवांनी पदं आटोपशीर केली, नाटक थांबवून तानांचा पाऊस पाडायची सवय मोडली, हे त्यांचं मोठं काम. आमच्या जत्रांत अजून गावातलीच माणसं रात्रभर संगीत नाटक करतात. दिवसा बँकेत किंवा दुकानात बसणारा माणूस रात्री दोनला ‘नको विसरू संकेत मीलनाचा’ गातो. पट्टी कधीकधी झेपत नाही, तरी लोक वन्स मोअर देतात.

कोंकणीत लॉर्ना. गायिका लॉर्ना कॉर्देरो आणि संगीतकार ख्रिस पेरी ही जोडी ऐकली नसेल तर तुमची यादी अपुरी आहे, राग मानू नका. ‘बेबदो’ ऐका: दारुड्याचं गाणं, आणि मागे ट्रम्पेट-सॅक्सोफोन असे उसळतात की त्या बेबद्याला दोन शिव्या द्याव्यात की नाचावं तेच कळत नाही. तिचा आवाज गोड नाही. जाड, भरडा, पोटातून येणारा. म्हणूनच तो टिकला. याच गाण्यांवर २०१४ मध्ये ‘नाचुंया कुंपासार’ हा सिनेमा निघाला. तिथून सुरुवात केलीत तरी चालेल.

हे वाद्यवाले आले कुठून? चर्चच्या शाळांत मुलांना नोटेशन आणि व्हायोलिन शिकवत. ती मुलं मोठी होऊन मुंबईला गेली, हॉटेलांत जॅझ वाजवू लागली आणि तिथून हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात शिरली. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांत गायिकेच्या ओळीमागे व्हायोलिनं स्वतःची वेगळीच सुरावट धरतात ना, ती मांडणी सेबॅस्टियन डिसोझांची. ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’ मधला अँथनीही खराखुरा: माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक, प्यारेलाल यांचे गुरू. म्हणजे चर्चमधली प्रार्थना, जॅझ आणि हिंदी सिनेमा या तिन्हींत हात तेच. दुकानात कप्पे वेगळे, एवढंच.

गोव्याच्याच गायक रेमो फर्नांडिसला बाहेरचे लोक ‘बॉम्बे’ सिनेमातल्या ‘हम्मा हम्मा’वरून ओळखतात. त्याचा ‘गोवन क्रेझी’ हा अल्बम शोधा. १९८४ मध्ये शिवोलीच्या घरी त्यानं तो स्वतःच ध्वनिमुद्रित केला आणि कॅसेटी स्कूटरवरून दुकानोदुकानी पोचवल्या.

फादो, म्हणजे पोर्तुगालचं हुरहुरीचं गाणं, मला उशिरा आवडलं, तेही फोंड्याच्याच गायिका सोनिया शिरसाट यांच्यामुळे. पोर्तुगीज एक अक्षर कळत नाही, चालतं. ट्रान्स हे नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत मात्र अजिबात नाही. हणजुण्याच्या (अंजुना) किनाऱ्यानं ते जगभर नेलं हे मान्य, पण दहा मिनिटांत माझं डोकं उठतं.

राहिलं मेटल. ब्लॅक सॅबथ. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात काम करताना दोन बोटांची टोकं गमावून बसला. प्लास्टिक वितळवून त्यानं बोटांना टोपणं केली आणि पुढे तारा सैल करून वाजवू लागला. ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ (१९७१) या अल्बममधला तो जड, खालचा आवाज त्यातूनच आला. पिंक फ्लॉइडचा ‘विश यू वेअर हिअर’ही आवडतो, पण तो सगळ्यांनाच आवडतो, म्हणून वेगळं सांगत नाही.

नाट्यगीत ऐकणाऱ्या कोणाला मेटलची गोडी लावायची असेल तर वेगवान गाणं आधी देऊ नका. ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’तलं ‘इन्टू द व्हॉइड’ द्या, आणि मोबाइलच्या स्पीकरवर नको, चांगल्या हेडफोनवर. खर्ज नाही ऐकू आला तर ते नुसतं भांडण वाटतं.